दुसरी पेटी

आमच्या बाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी असत. साबण, लिंबू, रॉकेल, कशालाही तो रंग दाद देत नसे. मुरूम गावच्या बाजारात भाजीवाल्या त्या बोटांकडे बघून टोपली जरा मागं ओढत. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई ती बोटं पाहून उठली आणि चार माणसं सोडून पलीकडे जाऊन बसली. ही गोष्ट बाईंनी स्वतःच आम्हाला वर्गात सांगितली. वर म्हणाल्या, "तिला वाटलं ह्यो काय तरी रोग हाय. म्या म्हणलं, वाटू दे. रोगाला भितात तेवढी माणसं अडाणीपणाला भ्याली असती, तर तुमच्यातल्या निम्म्या पोरींच्या शेजारी कुणी बसलं नसतं." आम्ही हसलो. मग आपण कुणाला हसलो ते ध्यानात आलं.

बाई मुरूमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बोटांवरचा रंग टोल्युडीन ब्ल्यूचा. या रंगाची एक गंमत आहे. काचेवर चिकटवलेल्या मांसाच्या पातळ कापावर तो टाकला की सगळ्या पेशी निळ्या होतात, एकाच जातीची तेवढी जांभळी होते, पोटात जांभळी खसखस भरल्यासारखी. ती मास्ट पेशी. गांधीलमाशी चावल्यावर हात टम्म सुजतो, धुरळ्यानं शिंकांवर शिंका येतात, ती सगळी हिची करणी. धोका वाटला की ती पोटातले दाणे बाहेर फेकते. रक्तातल्या बहुतेक पेशी हाडातल्या मज्जेत जन्मतात आणि तिथंच मोठ्या होतात. ही मात्र कच्चीच घर सोडते आणि कातड्यात नाही तर आतड्यात जाऊन पिकते. बाईंना सगळ्या शरीरात आवडायची ती एवढी एकच पेशी. "घरात बसून कोण मोठं झालंय?" असं त्या म्हणायच्या. स्वतः मुरूम सोडून कधी राहिल्या नाहीत.

कच्च्या पेशीनं मास्ट पेशीच व्हायचं, दुसरं काही व्हायचं नाही, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती केंद्रकात शिरतात, जनुकांवर बसतात आणि कोणतं जनुक कामाला लावायचं, कोणतं निजवायचं ते बघतात. पुस्तकात त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. बाई त्यांना मुकादम म्हणत. ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडच्या प्रत्येक पोरीनं बघितलेल्या, त्यामुळे जे पुस्तकाच्या दहा पानांत कळलं नसतं ते या एका शब्दात कळलं. बाईंचा आयुष्यभराचा प्रश्न एवढाच होता, की मुकादम आधी येतो का दाणे आधी भरतात. त्यांचं म्हणणं, मुकादम आधी येतो. म्हणजे पेशीच्या वाढीत एक वेळ अशी असलीच पाहिजे, की केंद्रकात मुकादम हजर आहे आणि पोट अजून रिकामं आहे. अशा पेशीला त्या 'रिकामी' म्हणत. ही रिकामी काचेवर दाखवायची, मोजून द्यायची, तिच्यावर प्रबंध लिहायचा आणि निवृत्त व्हायच्या आत नावाआधी डॉक्टर लावायचं, यापलीकडे त्यांना आयुष्याकडून काही नको होतं.

आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ज्या गावची पोरगी ते तिचं नाव. मी जळकोट. माझ्या शेजारी लोहारा बसायची, भित्री, पण अक्षर मोत्यासारखं. तिचं लग्न ठरलं आणि ती पेढे घेऊन प्रयोगशाळेत आली. बाईंनी पेढा घेतला, सावकाश खाल्ला, हात पुसला आणि म्हणाल्या, "मग आता ह्यो मायक्रोस्कोप कशाला अडवून बसलीस? दुसरीला दे. तुला काय, भाकर करपली का न्हाय एवढंच बघायचंय." लोहारा दुसऱ्या दिवसापासून आली नाही. परीक्षेलाही आली नाही. ती रडत गेली असं आम्ही धीर करून बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "रडून परत आली असती तर म्या तिला पायजे ते शिकवलं असतं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. तोंडाची धार ही त्यांच्या लेखी चाळण होती, आणि चाळणीतून खाली पडलेलीचं पुढं काय झालं हे बघायला त्या कधी वाकल्या नाहीत.

माझी पाळी दुसऱ्या वर्षी आली. शेळीच्या आतड्याच्या कापाचं चित्र काढायचं होतं. मी तीन दिवस खपून, रंगीत पेन्सिली झिजवून, कॅलेंडरवर छापावं असं चित्र काढलं. बाईंनी जर्नल वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"ह्यात मास्ट पेशी किती?" त्यांनी विचारलं.

"सात, बाई."

"आणि काचंवर किती हायत?"

काचेवर दोनच होत्या. सात पुस्तकातल्या चित्रात होत्या. बाईंनी ते पान फाडलं. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. वर्षभराचं जर्नल माझ्यासमोर टेबलावर सुटं झालं. मी म्हटलं, "बाई, दुरुस्त करते." त्या म्हणाल्या, "चुकीचं चित्र दुरुस्त करायचं नसतंय, फाडायचं असतंय. शेरडं-मेंढरं राखणाऱ्याच्या घरची हायस ना तू? बाप तुझा सांजंला चार मेंढरं बघून बाकीची आली म्हणतो व्हय?" पोरी हसल्या. बाईंनी त्यांना हसू दिलं. ते हसणं मी पुढं कितीतरी वर्षं जपून ठेवलं.

बाईंचं घर लिंगायत. भाऊ भुसार मालाचे व्यापारी, कपाळावर विभूती, घरात अंड्याचं नाव निघत नसे. आणि त्या घरची लग्न न झालेली लेक दर रविवारी सकाळी काचेची बाटली घेऊन मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभी राही. खाटकाला सांगे, वीतभर आतडं दे, आत्ताचं, पाणी न लावता. रांगेतले लोक एकमेकांना कोपर मारत. बाटली घरी न्यायची नाही असा भावजयीचा हुकूम होता, म्हणून बाई तिथून थेट कॉलेजात येत आणि घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. भाऊ चिडले की कन्नडात बोलत आणि बाई एका शब्दात मिटवत. "साकु." म्हणजे पुरे. वर्गातही कुणी लांबण लावली की हाच शब्द येई, आणि त्यानंतर बोलायची कुणाची छाती नव्हती.

कॉलेज गरीब. आमच्याकडे काच फेकायची पद्धत नव्हती. दर एप्रिलमध्ये प्रयोगशाळेचे शिपाई बाबूमामा वर्षभराच्या जुन्या स्लाइडा मोठ्या पातेल्यात सोड्याच्या पाण्यात उकळत, घासत, वाळवत आणि नव्या पोरींसाठी ठेवून देत. मांसाचे तुकडे ज्या मेणाच्या वडीत बसवतात, तिचं मेणसुद्धा वितळवून परत वापरत. बाईंच्या स्वतःच्या स्लाइडा तेवढ्या कुलपात असत. कागदी चिठ्ठी रंगात भिजते म्हणून त्या हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीनं काचेवरच नंबर कोरत. त्या किरकिरीनं आमच्या दाढा शिवशिवत.

खाटकाकडची शेळी वाढलेली असायची. बाईंना वाढ बघायची होती. जन्मल्या दिवसाचं करडू, आठवड्याचं, महिन्याचं. माझं जर्नल फाडल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी मला एकटीला बोलावलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार.

"तुमच्यात थंडीनं करडं मरत्यात का?"

"मरतात, बाई."

"मग तुझा उपेग हाय."

त्या दिवसापासून आमच्या घरी दोन बाटल्या असत. करडू दगावलं की अर्ध्या तासाच्या आत आबा, म्हणजे माझे वडील, त्याच्या आतड्याचे दोन तुकडे करून दोन बाटल्यांत टाकत. एक बाटली फॉर्मॅलिनची, उघडली की डोळ्यांतून पाणी काढणारी. दुसरीचा वास आंबूस, दारूसारखा. आबा म्हणायचे, "मेल्यालं करडूबी कालेजात चाललंय. आमीच ऱ्हायलो." एकदा मुरूमची जीप धरायला येणेगूरला उतरायच्या आधी एसटीच्या कंडक्टरनं माझी पिशवी हुंगली आणि विचारलं, "कुणाला नेतीस गं पोरी ही?" मी म्हटलं, कॉलेजच्या बाईंना. तो डोळे मोठे करून म्हणाला, "बाई पिती व्हय?" हे सांगितल्यावर बाई टेबलाला धरून हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्या एकाच वेळी पाहिलं. दोन बाटल्या कशाला, हे मात्र विचारूनही त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "आधी सांगितलं की डोळा तेच बघतोय."

मग रविवारचं मोजणं सुरू झालं. मुकादम दिसायला निराळं औषध लागे. ते लावलं की ज्या पेशीत मुकादम हजर, तिचं केंद्रक तपकिरी होई. तपकिरी केंद्रक आणि जांभळे दाणे, म्हणजे पिकलेली. तपकिरी केंद्रक आणि दाणे नाहीत, म्हणजे रिकामी. एका काचेवर इतक्या पेशी की मान मोडून येई. मी एकदा कंटाळून म्हटलं, "बाई, शितावरून भाताची परीक्षा होतेच की." त्या मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाल्या, "ती चुलीपाशी. इथं सगळा भात तपासायचा." दुपारी त्या आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी अर्धी करून माझ्यापुढं सरकवत. दोन्ही डोळे उघडे ठेवून एका डोळ्यानं बघायचं कसं, ते त्यांनीच शिकवलं. माझ्या चष्म्याची काडी मोडली तर निळ्या बोटांनी दोरा बांधून दिला. पहिल्यांदा मी एका करडाच्या कापात रिकामी पेशी स्वतः होऊन दाखवली, तेव्हा त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "चालतंय." याच्या वरचा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. येणेगूरपर्यंतच्या जीपमध्ये मी तो शब्द मनातल्या मनात घोळवत गेले.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचा अर्ज त्यांनीच आणला, त्यांनीच भरला, मला फक्त सहीला बोलावलं. निवड झाल्यावर भेटायला गेले तर म्हणाल्या, "जा. कच्ची हायस. तिकडं पिक." पाया पडले तेव्हा पाय मागं घेतले.

पुण्यात मी मास्ट पेशीच धरली. उंदराच्या मज्जेतल्या कच्च्या पेशी बाटलीत वाढवायच्या, महिना-दीड महिना त्यांना खायला-प्यायला घालायचं, दर आठवड्याला थोड्या बाहेर काढून कोणता मुकादम आला आणि कोणता गेला ते नोंदवायचं. मशिनं चांगली, भाषा इंग्रजी, लोक गोड बोलणारे. चूक झाली तरी 'छान प्रयत्न' म्हणणारे. मी तिथं मोठी झाले, आणि गावाकडचं सगळं मला हळूहळू लहान दिसायला लागलं. बाईही.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मला निरोप आला. मी गेले तर टेबलावर कापडी पिशवी, तिच्यात दोन लाकडी पेट्या. दुसरीला सुतळी बांधलेली.

"प्रबंध टाइप व्हायचाय," बाई म्हणाल्या. "पण माझ्या डोळ्याला जांभळं दिसंना झालंय. मोतीबिंदू. निळं आणि जांभळं एकच वाटतंय. पहिल्या पेटीतल्या म्या मोजल्यात, डोळे बरे होते तवा. दुसरीतल्या आता आता केल्या, त्या मला दिसंनात. तू दोन्हीतल्या सगळ्या बघ. रिकामी हाय का न्हाय, एवढंच सांग."

"दुसरीत वेगळं काय आहे?"

"आधी सांगितलं की डोळा तेच बघतोय."

"ऑपरेशन करून घ्या ना, बाई."

"प्रबंध होऊ दे. मधीच काय बिघडलं तर?" मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यावर सोडतेय."

पुण्यात पहिली पेटी उघडली. प्रत्येक काचेच्या कडेला कोरलं होतं, 'फॉ', म्हणजे फॉर्मॅलिन, आणि पुढं नंबर. चार-पाच काचा बघितल्या आणि मला घोळ कळला. आतड्यातल्या मास्ट पेशींचे दाणे फॉर्मॅलिनमध्ये बिघडतात. मग ते रंग घेत नाहीत. पेशी भरलेली असते, पण दिसते रिकामी. आमच्या संस्थेत पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक होतं. बाईंनी इतकी वर्षं डोळे फोडून जी रिकामी मोजली, ती औषधानं पुसलेली पेशी होती.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला तो आनंदच. टेबलावर सुटी झालेली माझी पानं मला दिसली, पोरींचं हसणं ऐकू आलं, लोहारा आठवली. दुसऱ्या पेटीची सुतळी मी सोडली नाही. दोन आठवडे ती पेटी माझ्या टेबलाखाली होती, माझ्या पायाला लागत होती. मी मनाशी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा.

पेट्या घेऊन सांगायला मी मुद्दाम प्रॅक्टिकलच्या वेळी गेले. दोन नवे शिक्षक होते, बाबूमामा होते, पंचवीसेक पोरी होत्या. घरी जाऊन सांगता आलं असतं. मी प्रयोगशाळा निवडली, कारण माझं जर्नल तिथं फाडलं गेलं होतं.

"बाई, पहिल्या पेटीतल्या रिकाम्या पेशी खोट्या आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "फॉर्मॅलिननं दाणे पुसले गेलेत. हे पाठ्यपुस्तकातलं आहे."

पोरी मोजायच्या थांबल्या. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पण मोतीबिंदूमुळं नजर जरा बाजूला लागत होती.

"आणि दुसऱ्या पेटीत?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक होता. "दुसऱ्या पेटीत एकबी रिकामी न्हाय?"

"एकही नाही."

"सगळ्या काचा बघितल्यास?"

"सगळ्या."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी वाद घालावा म्हणून मी तयारी करून गेले होते, इंग्रजी वाक्यंसुद्धा पाठ केली होती. त्या आपल्या निळ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग मीच म्हटलं, "चुकीचं चित्र दुरुस्त करायचं नसतं, बाई. तुम्हीच शिकवलंय." मागं कुणीतरी पोरगी हसली. मी तिला हसू दिलं.

"साकु," बाई म्हणाल्या, आणि पेट्या ठेवायला आत गेल्या.

प्रबंध टाइप झाला नाही. त्या साध्या बाई म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले नाही, काम होतं म्हणून कळवलं, आणि काम खरंच होतं. माझी पदवी झाली, पुढचं काम मिळालं. मशिनं आणखी चांगली आली, एकेका पेशीच्या पोटात डोकावणारी. त्यात एक दिवस स्वच्छ दिसलं. मुकादम आधी येतो. अगदी थोडा काळ पेशीत मुकादम असतो आणि दाणा एकही नसतो. ते चित्र मी मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. बाईंची आठवण झाली नाही असं नाही. मनाशी म्हटलं, बिचारीनं अंदाज बरोबर बांधला होता, पुरावा चुकीचा होता.

मुरूमच्या कॉलेजानं मला पाहुणी म्हणून बोलावलं ते त्यानंतर. शाल, नारळ, भाषण. मग प्रयोगशाळा दाखवायला नेलं. पहिल्या वर्षाच्या पोरी कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी बघत होत्या. एकीनं मोठ्या उमेदीनं मला जागा दिली. मी वाकले. कांदा नीट दिसत होता. आणि काच सरकवताना बोटाला कडेला काहीतरी खरखरीत लागलं. काच उजेडात धरली. कोरलेलं होतं, 'का १४'.

'का' कशाचं, हे कळायला मला क्षणही लागला नाही. कार्नॉय. आतड्यातल्या मास्ट पेशींचे दाणे शाबूत ठेवायचे असतील तर फॉर्मॅलिनऐवजी वापरायचं ते औषध. त्याच्या काचेवर रिकामी दिसली तर ती खरीच रिकामी. त्यात स्पिरिट असतं, आंबूस ॲसिड असतं. कंडक्टरनं हुंगलेली बाटली. जी माझ्या आबांनी भरली आणि मी मांडीवर धरून आणली. जे मी बाईंना पाठ्यपुस्तकातलं म्हणून ऐकवलं, ते त्यांना मी एकोणीस वर्षांची असतानाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच पहिल्यापासून दोन बाटल्या होत्या.

"बाईंच्या पेटीतल्या हायत त्या," बाबूमामा म्हणाले. त्यांनाही आता सेवेचं शेवटचं वर्ष होतं. "तुमी येऊन गेला, त्या एप्रिलात बाईंनी सोता पातेलं चुलीवर ठिवलं. म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या की बाई. म्हणल्या, खोट्या काचा कशाला ठिवायच्या, पोरींच्या उपेगी येतील. मेणाच्या वड्याबी वितळवल्या. दुसऱ्या पेटीची सुतळी तर मलाच कापाय लागली, गाठ सुटंना."

"दुसरीतल्या सगळ्या 'का'च्या होत्या?"

"सगळ्या."

मी आणखी दोन पोरींच्या काचा मागून घेतल्या. 'का ३'. 'का २२'. कडेला नंबर तसाच, मधे कांदा.

तिथून बाईंच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्याचं मला आठवड्यानं कळलं. त्या दिवशी दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झालेले, आणि उजव्या हाताची बोटं चारचौघींसारखी स्वच्छ. ती बोटं बघवेनात.

"या मॅडम, बसा," त्या म्हणाल्या. भावजयीला चहा टाकायला सांगितलं. मी डोळ्यांचं विचारलं. "निवृत्त झाल्यावर ऑपरेशन केलं. आता समदं दिसतंय. जांभळंबी. वयनीच्या साडीचा काठ कुठं जांभळा आणि कुठं निळा ते इथनं सांगते. तुमचं कसं चाललंय?"

मी सांगितलं. एसटीत, जीपमध्ये लोक सांगतात तसं इकडून तिकडून नाही, सरळ सांगितलं. दुसरी पेटी मी उघडलीच नव्हती. सुतळीसुद्धा सोडली नव्हती. खोटं बोलले, आणि सगळ्यांसमोर बोलले, कारण मला तुम्हाला लागेल असं काहीतरी करायचं होतं. मी रडले. बाईंना रडणारं माणूस आवडत नसे, तरी रडले. त्यांनी मला थांबवलं नाही, पाणी दिलं नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. नजर आता नेमकी लागत होती. भावजय चहा ठेवून आत गेली.

मग त्यांनी विचारलं, "मुकादम आधी येतोय?"

"येतो, बाई. आधी येतो."

"रिकामी हाय?"

"आहे. तुम्ही म्हणत होता तशीच आहे. थोडाच वेळ असते, पण असते. मी स्वतः बघितलीय."

बाई पुढं वाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते रविवारचं काहीतरी आलं, काचेवर नवीन काही दिसल्यावर यायचं तसं. मला वाटलं, आता त्या 'चालतंय' म्हणतील. त्या एका शब्दासाठी मी पुण्यातलं सगळं देऊन टाकलं असतं.

"किती पेशी बघितल्यास?"

"सगळ्या, बाई."

त्या मागं टेकल्या. चहावर साय धरली होती.

"जळकोट," त्या म्हणाल्या, "तवाबी तू सगळ्याच म्हणली होतीस."